सरांचा डावा पाय

अपमान जमिनीवर झाला असता, तर सरांनी तो गिळला असता. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला अपमान गिळण्याचा सराव असतोच. पण हा अपमान अक्षरशः डोक्यावरून गेला.

त्याचं असं झालं. शहराबाहेर मुरमाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथे दर रविवारी मोटोक्रॉस चालतं. मोटोक्रॉस म्हणजे चिखलातून, खड्ड्यांतून, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत मोटारसायकल हाणायची. जो आधी पोचेल तो जिंकला, आणि जो धड पोचेल त्याच्या बायकोने देवाचे आभार मानायचे. सर हा उद्योग चाळीस वर्षं करत होते, आणि चाळीसही वर्षं एकाच गाडीवर. त्या गाडीला सगळे म्हातारी म्हणत. सरांना कुणी म्हातारं म्हटलेलं खपत नसे, गाडीला म्हटलेलं चाले.

जुन्या गाड्यांचा गट वेगळा होता. त्यात चौघेच. सर, एक दंतवैद्य, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक बेकरीवाला. दंतवैद्याचे स्वतःचे पुढचे दोन दात याच खाणीत गेले होते, पण तो विषय तो कुणाला काढू देत नसे. चौघांत सरांचा नंबर बहुधा चौथा. घरी आल्यावर ते "आज चौथा आलो" एवढंच सांगत. किती जणांत, हे विचारू नये इतकी समज त्यांच्या बायकोला लग्नानंतर लवकरच आली होती.

त्या रविवारी आयोजकांना उशीर झाला, म्हणून त्यांनी जुन्या आणि नव्या गाड्या एकदमच सोडल्या. सर मोठ्या उंचवट्याच्या कडेने चढत होते. म्हातारी धापा टाकत होती, सरही टाकत होते. एवढ्यात अंगावर सावली पडली. वर पाहतात तो एक नवीकोरी मोटारसायकल त्यांच्यावरून उडत पलीकडे चाललेली, आणि तिच्यावरून आवाज आला, "सर, गुडघा आत घ्या!"

आवाज ओळखीचा होता. ती सरांच्या गुडघ्याची डॉक्टर होती, फिजिओथेरपीची. दर गुरुवारी तिच्या दवाखान्यात सर पालथे पडून पाय वरखाली करत आणि ती "आणखी दहा" म्हणत असे. दवाखान्यात तिने काहीही सांगावं, सर ऐकत. पण माणसाला मागे टाकायचं, तेही हवेतून, आणि जाता जाता फुकटचा वैद्यकीय सल्ला द्यायचा, ही सरांच्या मते शुद्ध अरेरावी होती.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी नवी गाडी घेणार."

बायको भाजी निवडत होती. "बरं," ती म्हणाली.

इथेच घात झाला. "या वयात?" असं तिने विचारलं असतं तर सर तासभर भांडले असते, दमले असते आणि प्रकरण चहावर मिटलं असतं. पण "बरं" या शब्दाशी भांडता येत नाही.

बायकोने वाद घातला नाही तरी वाद घालणारे काही कमी नव्हते. सोमवारी तिचा धाकटा भाऊ आला. या मेहुण्याने जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं, त्यामुळे त्याची मतं अगदी स्वच्छ होती. "भाऊजी, आधी हेल्मेट घ्या. महिनाभर घरात घालून हिंडा. मान तयार झाली की मग गाडी." सरांनी विचारलं, "जेवताना काढायचं की नाही?" मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "पहिला आठवडा काढलं तरी चालेल."

कामाचं काही बोलला तो दंतवैद्य. "सर, विचार करा. म्हातारीचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. नव्या गाड्यांचं सगळं उलटं. गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. चाळीस वर्षांची सवय मोडेल का तुमच्याने?"

"सवय म्हणजे काय हो?" सर म्हणाले. "बुद्धीने ठरवलं की पाय ऐकतो."

दंतवैद्य काही बोलला नाही. तोंड उघडायला लावणं हा त्याचा धंदा असला तरी बंद कधी ठेवायचं हेही त्याला कळत असे.

मंगळवारी सर शोरूममध्ये गेले. बायको बरोबर होती आणि म्हातारी टेम्पोत होती. शोरूमवाल्याची नजर नव्या गिऱ्हाइकावर नव्हे, म्हातारीवर खिळली. असली जुनी गाडी पुढच्या काचेत मांडली तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबून पाहील, असं त्याच्या मनाने घेतलं. सौदा चटकन ठरला. म्हातारी द्यायची, नवी घ्यायची. "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत चालवून बघा," तो म्हणाला. "पटली तर सही करा. नाही पटली तर परत आणा आणि आपली जुनी घेऊन जा. फक्त एकच, परत आणायची तर अंगावर ओरखडा नको. ओरखडा उठला की गाडी तुमची आणि म्हातारी माझी."

सरांनी हो म्हटलं. म्हातारीला काचेत चढवताना त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरची टायरची जाहिरात फार लक्षपूर्वक वाचली. बायको मात्र तेवढ्या वेळात बाहेर टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलत उभी होती.

नवी गाडी फार देखणी होती. आणि फार उंच होती. सर तिच्यावर चढले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय हवेत लोंबायला लागले. एका बाजूला बऱ्यापैकी कललं की त्या बाजूचा अंगठा जमिनीला लागे. सुरू करायला किक नव्हतीच. म्हातारी सुरू करायची म्हणजे तिला आधी डावीकडे कलती करायची, पेट्रोलचा वास आला की सरळ करायची, दोन किका कोरड्या, तिसरी मनापासून, आणि चौथीच्या आधी दोन शब्द तिच्याशी बोलायचे. इथे नुसतं बटण. दाबलं की सुरू. "मग यात माणसाचं काय काम?" सरांनी विचारलं. शोरूमवाल्याला हा गाडीचा गौरव वाटला.

गाडी टेम्पोतून घरी आली आणि फाटकावर सोसायटीच्या सेक्रेटरीने वही उघडली.

"गाडीचा नंबर?"

"हिला नंबर नसतो. ही रस्त्यावर चालवायची गाडीच नाही."

सेक्रेटरीने पेन खाली ठेवलं. "नंबराचा रकाना मला मोकळा सोडता येत नाही. नंबर नाही म्हणजे ती गाडी नाही, सामान आहे. आणि पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई आहे. घरात न्या."

सर गाडी लिफ्टपाशी घेऊन गेले. तिथे सेक्रेटरी मागोमाग हजर. "लिफ्टमध्ये वाहन नेता येत नाही."

"अहो, आत्ताच तर सामान म्हणालात!"

"ते पार्किंगमध्ये."

शेवटी चार माणसांनी ती दुसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवली आणि दिवाणखान्यात, टीव्ही आणि सोफ्याच्या मधोमध, उभी केली. बातम्या बघायच्या तर आता गाडीच्या चाकाच्या आऱ्यांतून बघाव्या लागत. बायकोने दुसऱ्या दिवशी हँडलवर टॉवेल वाळत घातला. सरांनी तो काढला. तिने परत घातला. आरशात स्वतःकडे बघावं तर पाठीमागे गाडी, सोफ्यावर टेकावं तर गुडघ्याला गाडी, अशी घराची अवस्था झाली.

बुधवारी सर वाहन नोंदणी कार्यालयात गेले. निदान एखादा कागद मिळाला तर सेक्रेटरीच्या तोंडावर मारता आला असता.

तीन नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "दिवा आहे?"

"नाही."

"आरसा? हॉर्न?"

"नाही."

"मग नोंदणी होणार नाही."

"होऊ नयेच," सर म्हणाले. "होत नाही एवढंच लिहून द्या."

"देतो की. अर्जावर गाडीचा नोंदणी क्रमांक घाला."

सरांनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. मग याच गोष्टीसाठी ते पाच नंबरच्या, तिथून नऊ नंबरच्या आणि तिथून पुन्हा तीन नंबरच्या खिडकीवर जाऊन आले. नाकी नऊ आले. शेवटी आतल्या खोलीतून एक टक्कल पडलेला अधिकारी बाहेर आला आणि वाकून म्हणाला, "सर, तुम्ही! ओळखलंत का? दहावी ब. भूमितीत तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं."

आता दाखला विसरा, असं सरांनी मनाशी म्हटलं. पण माणूस दिलदार निघाला. त्याने स्वतः कागद ओढला आणि गुरूला शोभेल असा दाखला लिहिला. 'ज्यास दिवा, आरसा व हॉर्न नाही, ते वाहन नव्हे. सदर वस्तूस वरीलपैकी काहीही नाही. म्हणून, सदर वस्तू वाहन नव्हे.' खाली सही, शिक्का. सरांनी वाचलं आणि त्यांना गहिवरून आलं. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं जागच्या जागी होतं. "हे तेव्हा का नाही लिहिलंस?" ते म्हणाले.

दाखला सेक्रेटरीने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "म्हणजे सामानच. मी काय वेगळं म्हणत होतो?"

गाडी दिवाणखान्यातच राहिली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, सरांना पाचच मिळाले होते आणि त्यातले दोन खिडक्यांत आणि जिन्यात गेले. राहिलेल्या दिवसांत त्यांनी पायांना शिकवणी लावली. जेवणाच्या खुर्चीवर बसायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "ब्रेक!", की उजवा पाय दाबायचा. "गिअर!", की डावा. शुक्रवारपर्यंत दहापैकी नऊ बरोबर येऊ लागले. खालच्या मजल्यावरून छतावर काय आपटतंय अशी विचारणा आली, पण शिक्षणात असल्या अडचणी येतातच.

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरही म्हणाली, "सर, रविवारी नव्या गाड्यांच्या खुल्या गटात उतरताय म्हणे? उजवा पाय म्हणजे ब्रेक, बरं का."

"ठाऊक आहे मला," पालथे पडलेले सर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी फिरायला म्हणून ते शोरूमवरून गेले होते. काचेत म्हातारी उभी होती. तिला कुणीतरी पॉलिश केलं होतं आणि गळ्यात एक लाल फीत बांधली होती. तिच्या टाकीवरचा पोचा, जो सरांच्याच गुडघ्याने बत्तीस वर्षांपूर्वी पडला होता, तो काचेकडे केला होता. सर तिथे बराच वेळ उभे राहिले आणि घरी येऊन एक पोळी कमी जेवले.

रविवारी दुपारी चार वाजता खुला गट सुटला. दंतवैद्याने आपल्या ट्रॉलीवरून गाडी खाणीत आणून दिली होती आणि तो, पोस्टमास्तर आणि बेकरीवाला दोरीपलीकडे रांगेत उभे होते.

पहिले पन्नास मीटर सर राजासारखे गेले. इंजिनात अशी ताकद होती की हात खांद्यातून निघतायत की काय असं वाटावं. मग गिअर बदलायची वेळ आली. सरांची बुद्धी म्हणाली, डावा. पण पायांना बुद्धीचं बोलणं ऐकूच गेलं नाही. चाळीस वर्षांप्रमाणे उजवा पाय खाली दाबला गेला. तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी गचकली आणि सर टाकीवर सरकले. मागून आलेल्या सात गाड्या डावीउजवीकडून निघून गेल्या. सर सावरले, पुन्हा वेग घेतला, पुन्हा उजवा पाय दाबला, पुन्हा गचकले. वेग हवा म्हटलं की गाडी थांबायची. जित्याची खोड, आणि ती दोन्ही पायांना.

हे एक वेळ परवडलं. पुढे उतार लागला आणि थांबायची वेळ आली. सरांनी जिवाच्या आकांताने डावा पाय दाबला. तो गिअर होता, आणि गाडी आधीच पहिल्या गिअरमध्ये होती. त्यामुळे काहीही झालं नाही. सरांनी आणखी जोरात दाबला. आणखी जोरात काहीही झालं नाही. गोंधळात मूठ मात्र पूर्ण पिळली गेली, गाडीने गर्जना केली आणि मोठा उंचवटा समोर आला.

सर उडाले. हवेत असताना त्यांनी गुडघा आत घेतला, हे तीन साक्षीदारांनी नंतर शपथेवर सांगितलं आहे. त्यांनी डोळे मिटले आणि हाडं मोजून ठेवली. पण गाडी गादीवर पडावी तशी अलगद उतरली. म्हातारीवर एवढी उडी घेतली असती तर सरांना घरी दोन खेपांत न्यावं लागलं असतं. या गाडीने त्यांना धड आदळूही दिलं नाही, आणि तशीच पुढे निघाली. वळणावरची फीत तोडून, फितीच्या खांबाला मागच्या मडगार्डने घासून, आयोजकांच्या टेबलावरच्या कपबशा थरथरवून ती खाणीच्या फाटकातून थेट हमरस्त्यावर आली.

रस्त्यात मधोमध वाहतूक हवालदार उभा होता. सर डावा पाय आपटत होते आणि हवालदार जवळ येत होता. शेवटी त्यांनी आशा सोडली. थांबणार नसेलच तर बाजूने सुसाट निघून तरी जावं, अशा विचाराने त्यांनी वरचा गिअर टाकायला उजवा पाय दाबला. गाडी हवालदाराच्या बुटापासून वीतभर अंतरावर गपकन उभी राहिली.

"लायसन्स," हवालदार म्हणाला.

सरांनी दिलं.

"गाडीचा नंबर कुठंय?"

सरांनी आतल्या खिशातून दाखला काढला. हवालदाराने तो दोनदा वाचला, शिक्का उन्हात धरून पाहिला. "म्हणजे ही गाडी नाही?"

"नाही."

"मग तुम्ही हिच्यावर बसून काय करत होता?"

छत्तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न सरांना एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

"दाखला पक्का आहे," हवालदार म्हणाला. "वाहन नाही म्हणजे मला काही करता येत नाही. जा तुम्ही. पण बसायचं नाही. बसलात की वाहन झालं. हातात धरून ढकलत न्या."

एवढ्यात फाटकातून डॉक्टर हेल्मेटसकट धावत आली. शर्यत टाकून आली होती ती. "सर! लागलं का कुठे? गुडघा?"

"आत आहे," सर म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघून त्यांचा तिच्यावरचा सगळा राग त्या रस्त्यावरच उतरला. "तू जा, तुझी शर्यत बुडेल. मी जरा शोरूममध्ये जाऊन येतो."

खाणीकडे चढ होता आणि शोरूमकडे उतार. सरांनी गाडी उताराकडे वळवली. तीन किलोमीटर ढकलायचं होतं. ढकलता ढकलता त्यांना स्वच्छ दिसलं की आपल्याला ही गाडी नको, कधीच नको होती, आपल्याला म्हातारी हवी आहे. आणि मग मडगार्डकडे नजर गेली. त्यावर खांबाने ओढलेला वीतभर लांबीचा ओरखडा होता. ओरखडा उठला की म्हातारी माझी, असं त्या माणसाने साफ सांगितलं होतं. रुमालाला थुंकी लावून सरांनी तो पुसून पाहिला. तो आणखी उठून दिसायला लागला. चाळीस वर्षांची गाडी आपण एका वाक्याच्या रागापायी घालवली, हे मनात आलं आणि त्यांना रडू यायचंच तेवढं राहिलं.

पावणेसहाला ते घामाघूम होऊन शोरूमपाशी पोचले. गाडी आत घेतली, ओरखड्याची बाजू भिंतीकडे केली आणि स्वतः तिच्यासमोर हातपाय पसरून उभे राहिले.

शोरूमवाला काचेपाशी एका सतरंजीवर उभा होता. परवापर्यंत तिथे सतरंजी नव्हती. तो उजवा पाय अधांतरी धरून होता आणि त्याच्या नडगीला हे भलंमोठं बँडेज होतं. दोघेही एकमेकांकडे बघून हसले.

"कशी काय वाटली गाडी?" शोरूमवाला म्हणाला.

"उत्तम," सर म्हणाले. "आणि आमची म्हातारी?"

"झकास. लोक बघतात थांबून."

सतरंजीच्या कडेखालून तेलाचा एक काळा ओघळ पांढऱ्या फरशीवरून हळूहळू सरांच्या दिशेने निघाला होता. शोरूमवाल्याने पायाने सतरंजी पुढे सरकवली. मागचं तळं उघडं पडलं.

"पायाला काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, जरा..." त्याचा धीर सुटला. "किक मारली हो! गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायचा होता. उलटी बसली."

"डावीकडे कलती केली होती का आधी?"

"कलती?"

सरांनी कीव येऊन मान हलवली. बोलावं तर आत्ताच, पण आपण होऊन नको म्हणायचं तर ओरखड्याचा विषय निघणार. शोरूमवालाही घुटमळत होता, कारण परत घ्या म्हणावं तर त्याचीच हौस त्याच्या अंगाशी आली असं ठरणार. दोघे तसेच उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले.

बाहेर हॉर्न वाजला. मंगळवारचाच टेम्पोवाला दारात उभा होता. "चला सर, म्हातारी चढवायची ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनी. मंगळवारीच म्हणाल्या, रविवारी सहाला इथेच ये, परतीची खेप आहे."

सर आणि शोरूमवाला, दोघांनी एकदमच श्वास सोडला. "वहिनींनी ठरवलंच असेल तर मी कोण मोडणारा!" असं म्हणत शोरूमवाला लंगडत काचेकडे धावला आणि म्हातारीची फीत त्याने स्वतःच्या हाताने सोडली. सर बाजूला झाले, ओरखडा उघडा पडला. शोरूमवाल्याने तो पाहिला, फरशीवरचं तळं पाहिलं, आणि म्हणाला, "काय दिसतंय तुम्हाला?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मलाही काही नाही."

म्हातारी घरी आली तेव्हा सेक्रेटरी फाटकावर होता. तिला नंबर होता, जिन्याखालची जागा वहीत तिच्याच नावावर होती. तो फक्त "या" म्हणाला. जिन्याखाली तेल झेलायचा जुना डबा होता तिथेच होता, आत ताजा कागद घातलेला. बायको पायरीवर बसून वाट बघत होती. तिने आधी सरांकडे नखशिखांत पाहिलं, हातपाय मोजले आणि मगच हसली.

"तुला कसं गं कळलं?" सरांनी विचारलं.

"नवा चष्मा केला तेव्हा आठ दिवस जुना खिशात घेऊन हिंडत होतात. मला कळायला काय झालं?"

"मग मला अडवलं का नाहीस?"

"अडवलं असतं तर हट्टाने ती ठेवून घेतली असतीत. मग मी टॉवेल कुठे वाळत घालणार होते जन्मभर?"

सरांनी डबा खाली सरकवला आणि म्हातारीवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. तेलाचा पहिला थेंब टपकन डब्यात पडला. मग त्यांनी हळूच डावा पाय उचलला आणि दाबून पाहिला. ब्रेक होता तिथेच होता.